आईनं वाचलेली जपानी गोष्ट
पार्सल फोडलं आणि खरबरीत कागदाचा, शाईचा तोच वास आला. मी तिसरीत असताना आई कुरवंड्याहून लोणावळ्याच्या एका बंगल्यात झाडलोटीला जायची. माझी थोरली बहीण त्याच वर्षी पावसाळ्यात तापानं गेली होती. बंगल्यात उतरलेला जपानी इंजिनिअर जाताना चित्रांचं एक जाड पुस्तक मागं ठेवून गेला. ती अक्षरं दोघींनाही येईनात, म्हणून व्हरांड्यात बसून आम्ही चित्रंच वाचली. पहिल्याच पानावर एक मुलगी डोळे मिटून अंथरुणावर पडली होती आणि उशाशी तिची आई रडत होती. पुढं मुलीनं डोळे उघडले, मग ती उठून पेज प्यायली, आणि शेवटी दोघी हात धरून डोंगरातल्या वाटेनं हसत निघाल्या. "उठली बघ पोर!" म्हणत आईनं डोळ्यांना पदर लावला. बंगल्याचा खानसामा हसला. "मावशी, साहेब हे पुस्तक त्या टोकाकडनं वाचायचे. त्यांची रीतच तशी. पोरगी शेवटी मरते." आईनं पुस्तक मिटलं आणि पुन्हा आपल्याच बाजूनं उघडलं. "त्यांची रीत त्यांना. आमी हितनंच वाचनार." तेव्हापासून मला चित्रकथांचं वेड लागलं. आज पार्सलातून आली ती माझ्याच कादंबरीची जपानी चित्रकथा. कादंबरीत थोरली शेवटी जाते, कारण घडलं तसंच होतं. आई आता नाही. मी पुस्तक आपल्या बाजूनं उघडलं. थोरली डोळे मिटून पडली होती. मी पान उलटलं.