आईच्या गळ्यातलं बटण

आई हल्ली घरचा रस्ता विसरते, म्हणून तिच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात एक बटण बांधलंय. ती लांब गेली की माझा फोन ओरडतो. ब्लूटूथचा पल्ला जेमतेम फाटकापर्यंत पोहोचतो. अमेरिकेतला धाकटा भाऊ मात्र त्याच फोनवर समोर बसल्यासारखा दिसतो. "तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे, दादा," असं म्हणतो. त्याच्या त्या लांब असण्याचा मला हेवा वाटतो आणि लगेच स्वतःची लाज वाटते.

आज आई खिडकीत बसली होती. समोरच्या दुकानातून दूध आणायला मी निघालो. फाटक ओलांडलं आणि खिशात फोन ओरडला. आई जागची हललीही नव्हती. लांब मी गेलो होतो, पण कोण कोणापासून गेलं हे त्या बटणाला कळत नाही. असंच सरळ चालत राहावं, असं क्षणभर मनात आलं. मग मी एक पाऊल मागे आलो. फोन गप्प झाला.

खिडकीतून आईने विचारलं, "काय विसरलास रे?"

"पिशवी," मी म्हणालो. ती माझ्या हातातच होती.