लाल शाईने लिहिलेलं

मानेच्या पेशंटची मान वळत नाही, पण तोंड मात्र छान चालतं. माणिकपूरला फिजिओथेरपीच्या मॅडमकडे मी पंधरा वर्षं कार्डं लिहिली. मग किस्से साठणार नाहीत तर काय!

मॅडमची एक पद्धत होती. गाडीला मागून धडक बसून मानेला हिसका बसलेला पेशंट आला, की पहिल्याच दिवशी विचारायच्या, "तुम्हाला काय वाटतं, कधी बरे व्हाल?" उत्तर मी कार्डावर लाल शाईने लिहायचं. खोडायचं नाही. त्या म्हणायच्या, "एक्स-रे हाडं दाखवतो, दिवस नाही दाखवत."

*

रिक्षावाला विल्सन म्हणाला, "पंधरा दिवस." आणि चौथ्या दिवशी स्वतः रिक्षा चालवत हजर!

मॅडम चिडल्या, "अरे, डावीकडे मान वळत नाही तुझी!"

"म्हणून तर डावीकडची भाडी घेत नाय, मॅडम!"

*

राणेकाका सरकारी नोकरीतले. एक्स-रे स्वच्छ, तरी म्हणाले, "लिहा, आयुष्यभर." आठवड्यासाठी दिलेला पट्टा तीन महिने झाले तरी गळ्यात.

"काढा आता," मॅडम म्हणाल्या.

"आणि मान खाली पडली तर?"

बाकावरचे सगळे हसले. मला हसू आलं नाही. काका खरंच घाबरले होते.

*

पाचूबंदरच्या हिरामावशी डोक्यावर पाटी घेऊन मासळी विकायच्या. त्यांच्या टेम्पोला मागून ट्रकने ठोकलं होतं. त्यांनी उत्तर दिलं, "नारळी पुनवेला होड्या पान्यात, न् पाटी माझ्या डोक्यावर!"

मी मॅडमना हळूच म्हटलं, "या वयात? कठीण आहे."

"तुम्हाला कुठे विचारलंय?"

मी लिहू लागले, तशा मावशी माझ्याकडे वाकल्या. "पाटी एकदा सुनेच्या डोक्यावर गेली का परत येत नाय, बाय."

*

पावसाचे पहिले दोन महिने मावशींचा व्यायाम चालला. ओझं उचलायला बंदी. एक दिवस पाटीखाली ठेवायची कापडाची चुंबळ नुसतीच डोक्यावर ठेवून आल्या.

"हे काय, मावशी?"

"रिकामं डोकं लय जड लागतं गं!"

*

नारळी पौर्णिमेनंतर चार दिवसांनी मावशी दारात उभ्या. डोक्यावर भरलेली पाटी, मान ताठ! मी हात लावून पाटी उतरवली. मावशींनी मॅडमना मान दोन्हीकडे वळवून दाखवली, पापलेटची एक जोडी माझ्या हातात ठेवली आणि निघाल्या.

पण भरलेली पाटी चढवायला दुसरा माणूस लागतो, आणि माझ्या हातात पापलेट! मावशींनी बाकाकडे पाहिलं.

"ओ भाऊ, बसलाय काय? हात लावा!"

राणेकाका उठले, वाकले, आणि एका दमात पाटी मावशींच्या डोक्यावर.

मावशी गेल्या. काका थोडा वेळ स्वतःच्या ओल्या हातांकडे बघत उभे राहिले. मग माझ्या टेबलापाशी आले.

"ताई, ते लाल शाईचं... खोडता येतं का हो?"