नळी निळीच होती

साखरेचा डबा तिनं माझ्या पायाशी आपटला. झाकण उडालं. साखर फरशीभर सांडली. अख्खा वॉर्ड बघत होता.

"हात लावलास ना? आता तो आमच्या कामाचा नाही. घेऊन जा तुझ्या घरी. तुम्हाला चालतं सगळं."

बोलणारी होती वॉर्डची मोठी सिस्टर. मी तिथली आया. पिंपरीतलं एक हॉस्पिटल, सत्तरच्या दशकातलं. क्रमानं सांगते, म्हणजे तुम्हा मुलांना इतक्या लांबून नीट कळेल.

मी मिशनच्या बोर्डिंगात राहून इंग्रजीतून मॅट्रिक झाले होते. पण तुमच्या आजोबांच्या कंपनीला टाळं लागलं, तेव्हा आयाच्या जागेसाठी अर्ज करायला गेले. कारकून म्हणाला, "मॅट्रिक लिहिलंत तर साहेब घेणार नाहीत, बाई. म्हणतील, शिकलेली बाई संडास धुणार नाही." त्यानं चौथी पास लिहिलं. मी खाली सही केली, मुद्दाम वाकड्या अक्षरात. ते खोटं माझंच.

आडनावावरून मी कोण ते सगळ्यांना कळलं होतं. सिस्टरांच्या खोलीतल्या चहाच्या सामानाला मी शिवायचं नाही. कुणी तसं सांगितलं नाही. माझा कप खिडकीबाहेर उपडा घातलेला असायचा, तेवढ्यावरून समजायचं.

लघवीला मात्र माझा हात चालायचा. त्या काळी मधुमेहाच्या रोग्याची लघवी एका निळ्या औषधात उकळून तपासत. साखर असली की रंग बदले. हिरवा, पिवळा, फार असली तर विटकरी. साखर नसली तर निळाच राही. त्या रंगावर इन्सुलिन किती द्यायचं ते ठरायचं. काम सिस्टरचं. पण लघवीला हात कोण लावणार? म्हणून नळी मी उकळायची, रंग मी दारातून सांगायचा, वहीत ती लिहायची. पुढं पुढं तिनं विचारणंही सोडलं. काल जो रंग, तोच आज. काल जितकी सुई, तितकीच आज.

त्या सकाळी किसनची नळी निळी राहिली. किसन काळेवाडीचा, दुसऱ्या एका कंपनीत लेथवर काम करणारा. रात्रभर उलट्या झालेल्या, पोटात कण नाही. मी नळी घेऊन तिच्यासमोर गेले.

"सिस्टर, आज निळा आहे. आणि त्यानं काही खाल्लंही नाही."

"विटकरी लिहून झालंय. तुझं काम उकळायचं. अक्कल चालवायचं नाही."

तिनं सुई दिली. खाटेला केसपेपर लटकत होता. त्यावर डॉक्टरांनी इंग्रजीत स्वच्छ लिहिलं होतं, की रंग निळा असेल तर इन्सुलिन देऊ नये. मी ते वाचलं. आणि गप्प बसले. चौथी पास बाईनं इंग्रजी कसं वाचायचं?

तासाभरात किसन घामानं भिजला. हात थरथरू लागले. जीभ अडखळायला लागली. बायकोलाच शिव्या द्यायला लागला.

सिस्टर आली, बघून हसली. "कुणीतरी बाटली पोचवलेली दिसतेय. या कंपनीवाल्यांना इथंही दम निघत नाही. बांधा रे याचे हात."

"न्हाई वो बाई," त्याची बायको कळवळली. ती चऱ्होलीची. "त्ये दारूला शिवत बी न्हाईत. रातपासनं मी हितंच हाय की!"

शिपायानं पट्टीनं त्याचे हात खाटेला बांधले. सिस्टर पुढच्या वॉर्डात गेली. किसनचे डोळे फिरायला लागले, तशी त्याच्या बायकोनं माझा पदर धरला.

"आक्का, कायतरी करा. जात्याल वो ह्ये."

अंगातली साखर फार उतरली की माणूस असाच करतो, हे मी वॉर्डात पाहिलं होतं. मी सिस्टरांच्या खोलीत गेले. डबा उचलला. साखर पाण्यात कालवली. बायकोनं त्याचं डोकं उचलून धरलं. अजून गिळत होता. चमच्याचमच्यानं पाजलं. थोड्या वेळानं त्यानं आमच्याकडं नीट पाहिलं आणि विचारलं, "माझे हात कुणी बांधले?"

तेवढ्यात ती परत आली, आणि डबा माझ्या पायाशी आपटला.

दुपारी मेट्रननं, सगळ्या सिस्टरांच्या वरच्या बाईनं, बोलावलं. कागद तयार होता. "मी अडाणी असल्यामुळे मधुमेहाच्या रोग्याला साखर पाजली. माझी चूक झाली. पुन्हा असे करणार नाही." वहीत रंग विटकरी. म्हणजे कागदोपत्री किसनला मारायला निघाले होते मीच.

"सही कर आणि कामाला लाग," मेट्रन म्हणाली. "घरी लहान मुलगी आहे ना तुला?"

होती. तुमची आई. घरात येणारा पगार तेवढा माझाच.

डब्याची लाज मला वाटत नव्हती, ती त्यांना वाटायला हवी होती. केसपेपर वाचूनही मी गप्प राहिले, त्याची वाटत होती. किसन गेला असता, तर तिच्या सुईइतकंच माझ्या गप्प बसण्यानंही गेला असता.

मी कागद उलटा केला आणि पाठीमागं इंग्रजीत लिहिलं. नळीचा रंग. सुईची वेळ. डॉक्टरांचा हुकूम. बांधलेले हात. मेट्रन वाचत गेली.

"तू तर चौथी पास ना?"

"नाही. मॅट्रिक. तेही शेवटी लिहिलंय."

आठवड्यात मला काढलं. कारण दिलं, नोकरीसाठी खोटी माहिती. किसनबद्दल एक अक्षर नाही. सिस्टर त्याच वॉर्डात राहिली, तशीच सुया देत. सहा महिने आम्ही फार वाईट काढले.

मुलांनो, तुमची आई तिकडं लोकांना सांगते, की माझी आई नर्स होती. मी फोनवर ऐकलंय. तिला वाटतं, त्यानं माझा मान वाढतो. नाही वाढत. मी आया होते. मी लघवी उकळली, संडास धुतले, आणि त्या वॉर्डात खरा रंग सांगणारी मी एकटी होते. माझं शिक्षण मी एकदा लपवलं, तेव्हा एक माणूस मरता मरता राहिला. आता माझं काम कुणी लपवायचं नाही. पुन्हा कानावर आलं, तर ज्याच्यासमोर सांगितलं असेल, त्याच्यासमोरच मी ते खोडून काढीन. पाहुणा कितीही मोठा असो.