साडेतीन फुटी टेबल

मैत्रिणी भेटल्या की म्हणतात, "सविता, सेंटरचे किस्से सांग ना!" त्यांना हसायला बरं पडतं. अहो, धंदा चालला की किस्से सांगायला सवड नसते. धंदा बसला की तेवढेच उरतात! नसीम आणि मी पुण्यात थाई मसाज शिकलो आणि परभणीत जिंतूर रोडला, भाड्याच्या खोलीत, फक्त बायकांसाठी सेंटर काढलं. आमचे सगळे किस्से एकाच प्रश्नाचे : टेबल केवढं असावं?

*

पहिलं टेबल आम्ही दवाखान्यातल्यासारखं घेतलं. उंच आणि जेमतेम दोन फूट रुंद. लोकांना बघून विश्वास वाटावा म्हणून! पण थाई मसाजमध्ये करणारीला टेबलावर चढावं लागतं. दोन्ही बाजूंना गुडघे टेकायचे, पायानं दाबायचं, समोरचीला हाताला धरून ओढायचं.

बोरीच्या एक शिक्षिका पालथ्या झोपल्या होत्या. नसीम वर चढली, गुडघा कडेवरून सटकला आणि ती धाडकन खाली! बाईंनी मानसुद्धा वळवली नाही. जरा वेळानं म्हणाल्या, "आता बगा, एकदम हलकं वाटायलंय!"

नसीमचा गुडघा अजून सुजतो.

*

मग सुताराकडे गेलो. रुंदी साडेतीन फूट, उंची गुडघ्याएवढी. मिस्त्री म्हणाला, "ताई, ह्याला दिवाण म्हंत्यात. खाली बॉक्स काढू का? रजया बसतील."

"दिवाण नाही हो. मसाजचं टेबल."

"झोपनार किती जन?"

"एक."

"मग ऱ्हायलेल्या जागंत?"

"मी!"

मिस्त्रीनं कानावरची पेन्सिल काढली, माझ्याकडे बघितलं आणि परत कानावर ठेवली. "ताई, साहेबाला घेऊन या. माप त्यांच्याकडून घेतो."

नवऱ्याला नेऊन उभं केलं. त्यानं तेच आकडे सांगितले आणि मिस्त्रीनं मुकाट लिहून घेतले. खोलीचं दार लहान, म्हणून टेबल आतच जोडून दिलं.

*

पोखर्णीच्या एक मावशी यायच्या. कंबर धरलेली. रुंद टेबलावर पहिल्यांदा हातपाय पसरले तेव्हा म्हणाल्या, "एवढी जागा मला कवाच मिळाली न्हाई बगा."

थाईमध्ये पाय लावावाच लागतो. वयानं मोठी बाई, म्हणून मी आधी त्यांच्या पाया पडले आणि मग मांडीवर पाय ठेवला. मावशी हसल्या. "पाया कशाला पडायलीस गं? आमच्या घरी लाथा घालून कुनी पाया पडत न्हाई!"

मला हसता येईना. त्या मात्र हसत होत्या. चार-पाच वेळा आल्या आणि एकदम बंद झाल्या. सुनेला फोन केला तर ती हळूच म्हणाली, "तुमच्याकडं पलंग हाय म्हनून कुनी तरी ह्यांच्या कानावर घातलं. सासूबाईला आता सोडत न्हाईत."

*

टेबल जागचं हललं नाही, पण त्याची रुंदी गावोगाव वाढत गेली! जिंतूरहून एक बाई आल्या, नुसत्या बघायला. दारातच थबकल्या.

"एवढंच?"

"मग केवढं पाहिजे होतं?"

"आमच्याकडं तर सांगायलेत, सहा फुटाचा पलंग हाय म्हनून! वर आरसा बी हाय म्हने."

मसाज करून न घेताच गेल्या. नसीम म्हणाली, "ताई, निराश होऊन गेली बिचारी."

*

शेवटी घरमालक अण्णा आले. सोबत गल्लीतले दोघं आणि टेप. अण्णांनी स्वतः वाकून टेबल मोजलं. "साडेतीन फूट! एका बाईला एवढी जागा कशाला लागती?"

नसीम म्हणाली, "अण्णा, मग बाईनं हात कुठं ठेवायचे?"

"घरी ठेवती तिथंच!"

मागचे दोघं खो खो हसले. अण्णा मात्र गंभीर. "हे बगा सविताबाई, मी लेकराबाळाचा मानूस. ह्याच्यावर दोघं आरामात झोपतेत. हे कापून दवाखान्यासारखं बारीक करा, न्हाई तर खोली सोडा."

मी त्यांना सगळं सांगितलं. नसीमचा गुडघा दाखवला. पुण्याचे फोटो दाखवले. अण्णा फोटोतल्या टेबलाकडे न बघता फोटोतल्या बाईकडे बघत राहिले.

टेबल कापलं असतं तर खोली राहिली असती आणि आमचे गुडघे गेले असते. आम्ही खोली सोडली. त्या दिवशी नसीम रिक्षात बसून ढसाढसा रडली.

*

टेबल दारातून निघेना. मोडायला मन होईना. अण्णा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, पडून ऱ्हाईल कोपऱ्यात."

नसीम आता कापडाच्या दुकानात उभी असते. मी घरी शिवणकाम करते.

उन्हाळ्यात अण्णांच्या पोराचं लग्न झालं. आम्हाला आमंत्रण नव्हतंच. परवा अण्णांचाच फोन आला. आवाज एकदम मऊ.

"सविताबाई, त्या मिस्त्रीचा नंबर हाय का वो?"

"का, काय झालं?"

"ती खोली पोराला दिली. नव्या नवरा-नवरीला तुमचं टेबलच ठिवलं झोपायला. पन लय अरुंद हाय वो ते. दोघं मावतच न्हाईत!"