काजीखालचा एकविसावा पॉइंट

विनोदिनीबाई मला पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर नको असायची. आईबापांनी हे नाव कुठल्या आशेनं ठेवलं, देव जाणे. पेडण्याला जमीन मोजणीच्या नोकरीत तिनं एकतीस वर्षं काढली आणि तेवढ्या काळात निम्म्या तालुक्याशी वैर घेतलं. सख्ख्या भावाचं कुंपण हातभर पुढं आलंय असं तिनं लिहून दिलं, तेव्हापासून भाऊही बोलत नाही. कामावर असताना कुणाच्या घरचा चहा ती घेत नसे. एकाकडे प्यायली की दुसरा म्हणतो विकली गेली, असं तिचं म्हणणं. दुपारी रस्त्यावरच्या एखाद्या मोरीच्या कठड्यावर बसून पिशवीतला उंडो पाव आणि भाजी खायची, वर बाटलीतलं पाणी. कुणी समोरून गेलं तर मान वर करायची नाही.

मी देवेश, सर्वणचा. ड्रोननं वरून फोटो काढून त्यावरून गावांचे नकाशे करणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. हळर्ण गावाचा नकाशा माझ्या हातचा. तो मंजूर झाला की जमिनीच्या हद्दी त्यावरून ठरणार आणि माझी कच्ची नोकरी पक्की होणार. त्याआधी फक्त एक तपासणी होती. नकाशातले वीस पॉइंट जमिनीवर प्रत्यक्ष मोजायचे आणि फरक अर्ध्या मीटरच्या आत बसवायचा. पॉइंट निवडायचे मी, तपासायला आली ही.

दोन दिवस उन्हातान्हात फिरलो. वीसच्या वीस पॉइंट बरोबर, कुठंही दहा सेंटीमीटरच्या वर फरक नाही. मी फुशारून सहीसाठी कागद पुढं केला. तिनं यादीवरून बोट फिरवलं.

"आरे, सगळे पॉइंट रस्त्यार नायतर मैदानार. काजीखाली एकव नाय तो कसो?"

"मॅडम, नियमात वीस म्हटलंय. कुठले ते म्हटलेलं नाही."

"मग एकविसावो आता घेवया," म्हणाली आणि टेप उचलून चढणीला लागली. मी मनातल्या मनात तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि मागोमाग गेलो.

चढणीवर लक्ष्मीकाकीचं घर आणि काजूची, इथल्या बोलीत काजीची, बाग. बागेच्या कडेला हद्दीचा गडगा, म्हणजे दगडांचं बुटकं कुंपण, गडग्याच्या आतल्या अंगाला तिची विहीर. वरून काढलेल्या फोटोत काजूची नुसती पानं दिसतात, खालचा गडगा दिसत नाही. आम्ही तो पानांच्या कडेवरून अंदाजानं ओढला होता आणि त्या रेषेनं विहीर शेजारच्या गुरुदासच्या जमिनीत गेली होती. नकाशा मंजूर झाला असता तर काकीचं पाणी गेलं असतं. तिला दुसरी विहीर नाही.

काकी दारातच उभी राहिली. अकरा वर्षांपूर्वी तिचा गोठा रस्त्यात येतो असं विनोदिनीबाईनंच लिहिलं होतं आणि तो पाडला गेला होता.

"माजो गोठो मोडूक हीच टेप घेवन इल्लंस मा? आता भायरच रव!"

झाडाखाली आमचं उपग्रहावर चालणारं यंत्र भरवशाचं नसतं. म्हणून खालच्या रस्त्यावरची मोरी आणि काकीच्या खळ्याचा, म्हणजे अंगणाचा, कोपरा, अशा उघड्यावरच्या दोन जागांपासून गडग्यापर्यंत टेप लावायची होती. विनोदिनीबाईनं ते तिला सांगितलं. विनवणीचा एक शब्द नाही, कोरडेपणानं सांगितलं.

"खळ्यात पाय घालू नको," काकी म्हणाली. "टेप मीच धरतंय."

शिव्या घालत तिनं टोक धरलं. दोन्हीकडून मापं झाली. माझी रेषा दोन मीटर साठ सेंटीमीटरनं चुकली होती आणि विहीर काकीच्याच जमिनीत होती.

"झाला? जा तर," म्हणत काकीनं टोक जमिनीवर टाकलं आणि दार लावून घेतलं.

खाली उतरताना विनोदिनीबाईनं मला थांबवलं. "काजीखाली चुकता, ह्या तुका म्हायत होता?"

"नाही, मॅडम. पहिलंच काम माझं. सुचलंच नाही."

मला चांगलं ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच झाडाखालचा एकही पॉइंट मी यादीत घेतला नव्हता.

नकाशा नामंजूर झाला. झाडांखालची प्रत्येक हद्द पायी फिरून मोजायचा हुकूम आला. कंपनीनं मला हाकलायची तयारी केली, पण अहवालात विनोदिनीबाईच्या हातची एक ओळ होती: 'पॉइंटांची निवड चुकली ती अननुभवामुळे, हेतू वाईट नव्हता.' ती जे विचारते आणि जे ऐकते, तेच लिहिते, हे कंपनीलाही माहीत होतं. माझी नोकरी वाचली.

हळर्णात तिला अजून शिव्या पडतात. लक्ष्मीकाकीही घालते, मीही घालतो, कारण तिच्यासमोर उभं राहायची मला लाज वाटते. तिनं आजवर लिहिलेल्या कागदांत खोटी ओळ ती एकच असेल, आणि ती तिनं माझ्या शब्दावर विश्वास ठेवून लिहिली.