उजव्या कोपऱ्यातले प्रमाण

चढता बाजार आणखी किती दिवस चढेल, या एकाच प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी आमच्या दिवाणखान्याची भिंत खराब केली.

मी निवृत्त गणित शिक्षक. निवृत्तीची पुंजी शेअर बाजारात घालण्याचे धाडस माझे नव्हे. ते माझ्या कागलच्या मेव्हण्याचे, बाळासाहेबांचे. (पुंजी मात्र माझी!) बाजार चढू लागला आणि चढतच राहिला. इतरांना आनंद झाला. माझी झोप उडाली.

"दाजी, पैसं वाढाय लागल्यात आन् तुमी सुतकात बसल्यागत का बसलाय?"

"उद्या कोसळला तर?"

"मग इका की आजच!"

"आणि विकल्यावर आणखी चढला तर?"

"मग बसा बोंबलत!"

माझी पत्नी सुमन हिच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया याच पैशातून व्हायची होती. परंतु "थोडा आणखी चढू दे" असे म्हणत मी तिला कित्येक महिने लंगडत ठेवले होते. विकण्याची भीती, न विकण्याचीही भीती!

भीतीवर उपाय म्हणजे पद्धत. मी रोज संध्याकाळी भिंतीवर आलेख काढू लागलो. कागद संपला की वर दुसरा चिकटवायचा. रेघ दिनदर्शिकेच्या वर गेली, घड्याळाच्या वर गेली, आणि अखेर मी स्टुलावर उभा राहून पंख्याशेजारी बिंदू देऊ लागलो.

"अहो, उतरा खाली!" सुमन ओरडायची. "बाजार पडायचा तेव्हा पडेल, आधी तुम्हीच पडाल! मग कुणाचं ऑपरेशन आधी करायचं?"

एके दिवशी एका नातेवाइकाच्या साखरपुड्यासाठी मी वारणानगरला गेलो. दुपारी तीनला परतलो आणि उंबऱ्यातच थिजलो. काल पंख्याशेजारी असलेले रेघेचे टोक दिनदर्शिकेपाशी आले होते!

बाजार निम्म्यावर!

पायांतल्या चपला तशाच ठेवून मी शाहूपुरीतल्या दलालाला फोन लावला. हा माझा जुना विद्यार्थी.

"सगळे शेअर विक! आत्ताच्या आत्ता!"

"सगळं? सर, पण बाजार तर आज—"

"मध्ये बोलायचे नाही! सांगितले तेवढेच करायचे!"

"व्हय सर," तो म्हणाला. (तीस वर्षांत माझे एवढे मुकाट्याने ऐकणारा विद्यार्थी मिळाला नव्हता, मिळाला तो नेमका त्या दिवशी!)

सुमन भिंतीला धरत बाहेर आली. "आलेख बघितलात? सकाळी बसून सगळा नव्यानं काढला. निम्म्या उंचीत बसवलाय. आता स्टूल नको."

"निम्म्या उंचीत?"

"प्रमाण लिहिलंय की कोपऱ्यात!"

मी जवळ गेलो. उजव्या कोपऱ्यात, सुवाच्य अक्षरात लिहिले होते: 'य-अक्षावर १ सेमी = २०० अंश.' माझे प्रमाण होते शंभरचे. मी पुन्हा फोन केला.

"सर, इकलं सगळं," विद्यार्थी नम्रपणे म्हणाला. "बाजार चढलाय, हेच सांगत होतो."

संध्याकाळी बाळासाहेब आले, ऐकले आणि पोट धरून हसले. "दाजी, भिंतीला भिऊन शेअर इकणारा माणूस पयल्यांदा बघितला!"

सुमन हसली नाही. "पैसे बँकेत येतील ना? मग उद्या डॉक्टरांकडून तारीख घ्या," असे म्हणून तिने लाल पेन उचलले आणि आलेखाखाली लिहिले: 'प्रमाण न वाचल्याबद्दल अर्धा गुण वजा.'

हा अर्धा गुण मी तीस वर्षे पोरांचा कापत आलो होतो.

आज सुमन जिना चढते. बाजारही चढतो, आणि प्रत्येक चढणीला मी विकलेल्या शेअरांचा हिशेब मांडत बसतो. मूळ प्रश्नाचे उत्तर मला सापडलेले नाही. वाचकांनी ते स्वतः पडताळून पाहावे, ही विनंती; फक्त आधी उजवा कोपरा वाचावा, आणि काही झाले तरी या गुरुजींना विचारू नये.