कपाटाची किल्ली बाईंकडे

मरोळच्या एका पालिका शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना काही बिघडलं की आनंद व्हायचा.

शाळांना रोबोच्या पेट्या मिळाल्या होत्या. त्या विज्ञानाच्या तासाला कशा वापरायच्या, हे शिक्षकांना दाखवायला आमची संस्था शिबिरं घ्यायची. तिथे काळ्या पट्टीवरून चालणारी माझी गाडी खिडकीतल्या उन्हात भरकटली. मी ओशाळले. बाई मात्र उठून पुढे आल्या. "झकास! प्रकाशाचा धडा आता सुरू झाला. गाडी नीट चालली असती तर पोरं टाळ्या वाजवून घरी गेली असती."

"आधी प्रश्न, मग पेटी," हे त्यांचं पालुपद. माझी तयार उत्तरं त्यांना नको असायची. "तू फार लवकर सांगतेस गो. पोरांना जरा अडकू दे ना."

मी अडकणारी नव्हते. शिक्षकच पोरांची वाट लावतात, हे माझं ठाम मत. दोन महिन्यांनी त्यांच्या शाळेत गेले, तर बाई मतदार यादीच्या कामावर आणि कपाटाला कुलूप. शिपाईमामा म्हणाले, "किल्ली बाईंकडे." मला तेवढं पुरलं. फोटो काढला, पत्रक छापलं : 'मुलांचे रोबो कुलपात का?' खाली शाळेचं नाव, बाईंचं नाव, ठळक. त्यांना एक फोन करावा, असं वाटलंसुद्धा नाही. कशाला? सबबी ऐकायला?

पत्रक वाचून पालिकेच्या शिक्षण खात्याचे साहेब आले. कपाट उघडलं, तर रिकामं. पेटी मुलांच्या घरी होती. एकाकडे मोटर, दुसरीकडे सेन्सर. आठवडाभर चाळीतली पोरं जमवून खटपट करायची, पडलेले प्रश्न लिहून आणायचे, शनिवारी सगळं जोडायचं. पेटी शाळेबाहेर न्यायची नाही, असा नियम. म्हणून रिकाम्या कपाटाला कुलूप. नियम मोडला म्हणून बाईंची बदली झाली. घाटकोपरला राहणाऱ्या बाईंना आता रोज खाडी ओलांडून गोराईची शाळा.

शेवटच्या दिवशी मी माफी मागायला गेले. मुलं रुमालात गुंडाळलेले भाग परत करत होती, बाई यादीवर खुणा करत होत्या. "ये गो," म्हणाल्या. "पोरांनो, या ताई आम्हा शिक्षकांना शिकवतात."

सातवीतल्या एका मुलीने मला विचारलं, "ताई, आमच्या बाईंचं नाव त्या कागदावर कोणी छापलं?"

बाईंनी मान वर केली नाही. "चाकं कुणाकडे आहेत? आणा लवकर."

लोकांना जाब विचारणारी पत्रकं मी कॉलेजपासून लिहिते. त्या मुलीला मी म्हणाले, "माहीत नाही गं."